नरम चेंडूची अर्धी सजा

तुम्ही आजवर कोणाला शिक्षा केली असेल, घरातल्या पोराला, हाताखालच्या माणसाला, संघातल्या खेळाडूला, तर तिच्यातली किती तुम्ही स्वतः भोगली?

प्रश्न विचित्र वाटत असेल तर तो माझा नाही. आमच्या पीटीच्या सरांचा आहे. शिक्षेतली निम्मी शिक्षा करणाऱ्याची, असं ते मानत. मानत म्हणजे भाषणात नव्हे. कोणाला तासभर उन्हात उभं राहायची शिक्षा दिली, की अर्ध्या तासाने सर स्वतः बाहेर येत, त्याला "जाय, पानी पे, बस आत" म्हणत आणि उरलेला अर्धा तास त्याच जागेवर उभे राहत. अख्खं शेलूबाजार गाव त्यांना अर्धवट म्हणे. हे नाव त्यांच्या कानावर होतं. हिशोबाने ते बरोबर आहे, असं त्यांचं मत होतं.

एकदा शाळा तपासायला मोठे साहेब आले. झेंड्याच्या ओट्याजवळ पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेला पन्नाशीचा एक माणूस ओणवा होऊन पायाचे अंगठे धरून उभा होता. साहेबांनी विचारलं, "हे कोण?" मुख्याध्यापक म्हणाले, "आमचे शिस्तीचे प्रमुख." साहेबांनी थोडा वेळ बघितलं आणि मग ग्रंथालय पाहायची इच्छा व्यक्त केली.

पोरं हुशार असतात. सरांना पळवायचं असलं की कोणीतरी मुद्दाम गोंधळ घाली, मैदानाच्या फेऱ्यांची शिक्षा मिळवी, आणि अर्ध्या फेऱ्या झाल्या की भिंतीवर बसून उरलेल्या अर्ध्या बघत राही. सरांना हे कळत नव्हतं असं नाही. धापा टाकत ते भिंतीजवळून जाताना म्हणत, "पोट्टेहो, मले पळवाले करून राह्यले ना तुमी? करा. पन अर्ध तुमालेबी पळा लागते." हे पोरांना मान्य करावं लागे, कारण पाय खरंच दुखत असत.

वस्तूही त्यांच्या कायद्यातून सुटत नसत. त्यांच्या स्कूटरने एकदा रस्त्यातल्या डबक्यातला चिखल एका भाजीवालीच्या पाटीवर उडवला. सरांनी तिची सगळी मेथी विकत घेतली, हे कोणीही करील. पण स्कूटरवर त्यांनी आठवडाभराची बंदी घातली. ती गोठ्यात बैलाशेजारी बांधून ठेवली, आणि सर शाळेत पायी येऊ लागले. मी विचारलं, "सर, स्कूटरले समजते का?" ते म्हणाले, "तिले नाई समजत. माह्या पायाले समजून राह्यलं ना."

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, या सगळ्याकडे शांतपणे बघत. मेथी घरात आली तेव्हा त्या म्हणाल्या, "यायच्यासंग लगन लावलं तवापासून मी अर्धीच शिक्षा भोगून राह्यली. बाकी अर्धी यायले." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पन गुन्हा कोनता केल्ता मी, थो कोनी सांगत नाई."

सर निवृत्त झाले आणि आसपासच्या तालुक्यांत मिळून चालणाऱ्या मुलींच्या फुटबॉल लीगने त्यांना शिस्त समितीवर घेतलं. या पदासाठी दुसरं कोणी तयार नव्हतं. चहा मिळे, शिव्या मिळत. सरांनी चहा सोडला होता. मैदानावर फक्की मारायचं कामही त्यांनी आपल्याकडे घेतलं. सामन्याच्या सकाळी चुन्याचा डबा घेऊन ते दोरीवरून अशा सरळ रेघा ओढत की तेवढ्या बघायला लोक थांबत. शिट्टी गळ्यात कायम. लग्नातही. मुहूर्त टळत आला की ते ती हातात घेत, आणि भटजी आपोआप वेग वाढवत.

लीगला त्यांनी एक नियम दिला, तो आजही चालतो: चेंडू पाहुण्याचा, शिट्टी यजमानाची. म्हणजे ज्याच्या मैदानावर सामना, त्याचा पंच, आणि बाहेरून आलेला संघ सामन्याचा चेंडू घेऊन येणार. कोणी विचारलं की असं का, तर सर म्हणत, "दोघाचाबी एकमेकावर इश्वास नाई. मंग अर्धा-अर्धा वाटून घेतला."

आता मूळ गोष्टीवर येते. तुम्ही लीगच्या क्लबांतली माणसं, ती तुम्हाला माहीत आहे असं तुम्हाला वाटतं. तुम्हाला निकाल माहीत आहे.

कारंज्यात उपांत्य सामना होता, शेलूबाजारच्या मुली आणि लीगच्या अध्यक्षांचा कारंज्याचा संघ. शेलूबाजारची गोलकीपर हीच त्यांची कप्तान. तिचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. ती मामाकडे राहते, पहाटे पोलीस भरतीसाठी धावते. जिल्ह्याचा संघ या लीगमधूनच निवडला जातो. जिल्ह्याकडून राज्यस्पर्धा खेळून तिथे नंबर आला, तर भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेवर अर्ज करता येतो. तिच्यासाठी फुटबॉल म्हणजे हा अर्ज आहे. ती हे लपवत नाही.

पाहुण्यांचा चेंडू म्हणून तो शेलूबाजारहून जीपने आला. जीपच्या टपावर सोयाबीनची पोती होती, म्हणून चेंडू कप्तानच्या मांडीवर आला. पंचाने तो अंगठ्याने दाबला, ठीक म्हटलं, खेळ सुरू झाला. मध्यंतरापर्यंत कोणाचाही गोल झाला नाही. मध्यंतरात अध्यक्षांच्या संघाने तक्रार केली की चेंडू नरम आहे.

लीगकडे हवा मोजायचं यंत्र नाही. चेंडू समोरच्या पंक्चरच्या दुकानात नेला. तिथे सुई घालून हवा मोजली, ती कमी भरली. खात्री करावी म्हणून पुन्हा मोजली, आणखी कमी भरली. तिसऱ्यांदा मोजली, त्याहून कमी. सुई घातली की प्रत्येक वेळी थोडी हवा सुटते, हे तिथे कोणाच्या डोक्यात आलं नाही. हवा दर खेपेला कमीच भरत आहे, यावरून लबाडी किती खोल आहे हे सिद्ध झालं. शेवटचा आकडा कागदावर गेला.

दुसऱ्या अर्ध्यात नवा, टणक चेंडू आणला. त्यावर अध्यक्षांच्या संघाला पेनल्टी मिळाली आणि कप्तानने ती अडवली. शेवटी शेलूबाजारने एक गोल केला आणि जिंकलं. नरम चेंडूचा फायदा जिला झाला म्हणतात, तिने पेनल्टी कोणत्या चेंडूवर अडवली ते एकदा नीट वाचून घ्या.

चौकशी अध्यक्षांच्या कृषी केंद्रात झाली, मागच्या खोलीत, खताच्या पोत्यांमध्ये. समिती तिघांची: अध्यक्ष, सचिव आणि सर. सचिव पश्चिम महाराष्ट्रातून बदली होऊन आलेले, बँकेत नोकरीला, सरळ माणूस. त्यांचं मराठी इतकं शुद्ध की गिऱ्हाईक घाबरून सही चुकवतं. कप्तानसोबत तिची शेजारीण म्हणून मी गेले होते, कारण मामा म्हणाला होता, "मी नाई येत. माही तिथं काय इज्जत राह्यली?"

पुरावा होता एक आवाज. सामन्याच्या आदल्या दिवशी कप्तानने संघाच्या व्हॉट्सॲप गटात बोलून टाकलेला, कोणीतरी बाहेर पाठवलेला. सचिवांनी फोन टेबलावर ठेवून तो ऐकवला. "टेन्शन नका घेऊ वं, उद्या मस्त नरम करून टाकू."

आमच्याकडे एखाद्याला नरम करणं म्हणजे त्याची जिरवणं. शेलूबाजारात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

"हा आवाज तुझाच?" सचिवांनी विचारलं.

"माहाच हाय."

"नरम काय करणार होता तुम्ही?"

"त्याइले."

"त्यांना हा शब्द इथे ऐकू येत नाही."

"नाई बोलली मी. पन खेळाले त्याइच्यासंगच जाऊन राह्यलो होतो ना, सायेब. मंग अजून कोनाले करनार?"

सचिवांनी चष्मा काढून पुसला. त्यांना खरंच पटवून घ्यायचं होतं, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. "हे बघ," ते म्हणाले, "वाक्यात कर्म नाही. कर्म नसेल तर ते संदर्भाने घ्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी नरम काय निघालं? चेंडू. म्हणजे कर्म चेंडू."

आता सर पुढे सरकले. ते म्हणाले, "सायेब, वऱ्हाडात कर्म वाक्यात नसते. मैदानात असते."

सचिवांनी हे लिहून घेतलं नाही. कार्यवृत्तात त्यांनी लिहिलं: चेंडू नरम करण्याचा इरादा कर्णधाराने आदल्या दिवशीच जाहीर केला होता. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

अध्यक्षांनी शिक्षा सुचवली. सामना रद्द, विजय त्यांच्या संघाला, आणि कप्तानवर दोन वर्षांची बंदी. "कडक उदाहरण घालून दिल्याशिवाय खेळ स्वच्छ होनार नाई," असं ते म्हणाले.

"बराबर हाय," सर म्हणाले. "मागच्या हंगामात तुमच्या संघानं गोलचा खांब वीतभर आत सरकवला होता. तवा कोनतं उदाहरण घातलं आपन?"

"समज दिली होती."

"कोनाले?"

"संघाले."

"त्याइनं घेतली का?"

अध्यक्ष म्हणाले, "सर, थो खांब वाऱ्यानं सरकला होता. बांबूचाच तं हाय."

यात थोडी माहिती घालायला हवी. त्या सामन्यात मध्यंतराआधी अध्यक्षांच्या संघाचा गोल अरुंद होता. मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या, तेव्हा अरुंद गोलही बाजू बदलून गेला.

"वाऱ्याले मध्यंतर समजते का?" सरांनी विचारलं.

 पोत्यावर झोपलेलं मांजर तेवढं उठून बाहेर गेलं.

मग सर जे बोलले ते मी जसंच्या तसं सांगते, कारण नंतर त्याचा पाहिजे तसा अर्थ लावला गेला. ते म्हणाले, "हवा कोनं काढली मले माईत नाई. या पोरीनं नाई काढली असं मी छातीठोक म्हनत नाई. मी जीपमंदी नव्हतो. पन समजा काढली. तरी थोच चेंडू दोन्ही संघानं लाथाडला. एक सामना बाहेर बसवा तिले, दोन बसवा. खांबाले समज आन चेंडूले दोन वर्षं, हे कोनतं माप हाय?"

दोन विरुद्ध एक असा निकाल झाला. सरांनी सही केली. बाहेर आल्यावर मी भांडले त्यांच्याशी. "तुमी विरोधात होते तं सही कायले केली?"

"विरोधात होतो. पन समितीत होतो ना," ते म्हणाले. "तिले शिक्षा केली थे तिघानं केली. माहा हात त्यातच हाय."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कृषी केंद्रात गेले. बियाण्याचं गिऱ्हाईक बसलेलं असताना त्यांनी अध्यक्षांसमोर प्रस्ताव ठेवला. शिक्षा दोन वर्षांची, म्हणजे एक वर्ष तिचं, एक वर्ष समितीचं. समितीत तिघं. प्रत्येकी चार महिने मैदानात पाय ठेवायचा नाही. "तुमाले कोनते महिने सोयीचे हायत?"

अध्यक्षांना वाटलं ही थट्टा आहे. मग त्यांना आठवलं की समोर सर आहेत. ते म्हणाले, "मी उन्हाळ्यातले घेतो, सर. तवा तसेबी सामने नसतात."

"मंग तिलेबी उन्हाळ्याचेच द्या दोन वर्षं," सर म्हणाले.

सचिवांनी नम्रपणे सांगितलं की नियमावलीत अशी तरतूद नाही. तेव्हा सरांनी तिघांचे बारा महिने एकट्याने घेतले.

कारंज्याच्या मैदानाच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे एक पुलिया आहे, नाल्यावरचा छोटा पूल. शेलूबाजारहून एसटीने येऊन सर त्या वर्षी प्रत्येक सामन्याला त्या पुलियावर बसले, मैदानाकडे पाठ करून. तोंड करून बसलं तर ती शिक्षा कसली, असं त्यांचं म्हणणं. चहावाला मुद्दाम ओरडे, "सर, गोल झाला." सर म्हणत, "मले नोको सांगू बापा, मी शिक्षेत हाय." आत फक्की कोणीतरी मारायचं म्हणून मारत असे. रेघा बैलगाडीच्या चाकोरीसारख्या झाल्या. एका बाजूची पेनल्टीची चौकट दुसरीपेक्षा इतकी मोठी निघाली की नाणेफेक जिंकणारा प्रत्येक संघ तीच बाजू मागू लागला. त्याबद्दल कोणाला समजसुद्धा दिली गेली नाही.

बंदी मैदानाची होती, शेलूबाजारच्या आठवडी बाजाराची नव्हती. ज्या दिवशी बाजार नसे, त्या दिवशी सर आणि कप्तान रिकाम्या ओट्यांमधल्या मोकळ्या जागेत सराव करत. साठी उलटलेला माणूस चेंडू मारी आणि ती जुन्या बारदानावर झेपावे. बाजूला जीपवाले बसलेले असत. एकदा एक जण म्हणाला, "काय गा सर, चेंडूत हवा बराबर हाय ना?" सर म्हणाले, "तू येऊन दाबून पाय. पन दाबला का अर्धा तास तुलेबी झेपा घ्या लागतीन." तो आला नाही.

मामा मात्र थट्टेवर थांबला नाही. दोन वर्षं घरी बसणाऱ्या भाचीला त्याने पाहुणे दाखवायला सुरुवात केली. लग्न लावून दिलं की नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, तयार होतो आणि मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेता येते, हे त्याचं सरळ गणित होतं. तो वाईट माणूस नाही. त्याच्यापुढे दुसरं गणित कोणी मांडलं नव्हतं. सर त्याच्या अंगणात जाऊन बसले. "मामा, एक वर्ष थांबा."

"तुमी कोन सांगनारे, सर?"

"मी तिच्यासंग शिक्षेत हाय," सर म्हणाले.

मामाने चहा ठेवायला सांगितला. सर चहा पीत नाहीत हे तो विसरला होता. सरांनी त्या दिवशी प्याला.

वर्ष झालं तेव्हा सर अर्ज घेऊन अध्यक्षांकडे गेले. मी सोबत होते, अर्ज मीच लिहिला होता. त्यात एवढंच होतं की कप्तानने एक वर्ष भोगलं, सरांनी एक वर्ष भोगलं, दोघांची मिळून दोन वर्षं झाली, सजा पुरी झाली आहे, बंदी उठवावी.

अध्यक्ष म्हणाले, "असं कुठं असते का, सर?"

"शाळेत होतं."

"ही शाळा नाई."

"थे तं दिसूनच राह्यलं," सर म्हणाले.

अर्ज वार्षिक सभेत ठेवू, असं त्यांना तोंडी सांगण्यात आलं. सर निघाले. वाटेत मैदान लागलं. त्यांचं वर्ष संपलं होतं, फाटक उघडं होतं, चुन्याचा डबा तिथेच कोपऱ्यात दिसत होता. मी म्हटलं, "आता तं जा आत." त्यांनी फाटकाला हात लावला आणि काढून घेतला. "माही झाली. तिची त्याइनं अजून मानली नाई," असं म्हणून ते बसथांब्याकडे चालू लागले.

या पावसाळ्यात सर गेले. ताप आला, तो छातीत उतरला, आणि चार दिवसांत सगळं संपलं. काकूंनी शिट्टी कप्तानला दिली. अंत्ययात्रेला अध्यक्ष आले, सचिव आले, भाषणं झाली. सर शिस्तीचे भोक्ते होते, असं तिथे सांगण्यात आलं. त्यात खोटं काही नव्हतं.

आता वार्षिक सभा आहे. तिची विषयपत्रिका सगळ्या क्लबांना मिळाली आहे, मलाही एकाने दाखवली. पहिला विषय: सरांच्या स्मरणार्थ आदर्श शिस्त चषक सुरू करणे. शेवटचा विषय: अध्यक्षांच्या परवानगीने येणारे इतर विषय. सरांचा अर्ज पहिल्यापासून शेवटच्या विषयापर्यंत कुठेच नाही. जिल्ह्याच्या संघाची निवड सभेनंतर लगेच आहे. त्याच्या आत बंदी उठली नाही तर कप्तानचं हे वर्ष गेलं. पुढच्या वर्षापर्यंत मामा थांबणार नाही. त्याने तसं सांगितलं आहे, आणि आता अंगणात येऊन बसणारं कोणी नाही.

मी या लीगची सभासद नाही, मला मत नाही. तुम्हाला आहे. शेलूबाजार, मेडशी, मंगरुळपीर, कारंजा, जिथे जिथे क्लब आहे तिथे प्रत्येकाला एक हात वर करायचा हक्क आहे, आणि पहिल्या विषयाला तो सहज वर जाईल, कारण मेलेल्या मास्तराच्या नावाला नाही म्हणणं जड जातं. तेवढंच जड काम मी मागते आहे. चषकाचा ठराव वाचला जाईल तेव्हा हात खाली ठेवा. आधी बंदीचा अर्ज वाचा म्हणा. कप्तान दाराबाहेर उभी असेल, तिला आत बोलवा, बसायला खुर्ची द्या, आणि तिची सजा पुरी झाली असा ठराव घेऊन मगच चषकाकडे वळा. अध्यक्ष म्हणतील की हे विषयपत्रिकेत नाही. तरीही हात खालीच ठेवा.